फळी देण्याआधी

ऑक्टोबरात पुण्याच्या भाचीचा निरोप आला. "मावशी, आम्ही चौघी डिसेंबरात तुमच्याकडे सर्फिंग शिकायला येतोय. एकीलाही काही येत नाही. मोबाइलवर पाच-सहा क्लास दिसतात आणि सगळ्यांना पाचपैकी पाच स्टार आहेत. कुठला घेऊ?" मी उत्तर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं आणि फोन पालथा घालून ठेवला. दिगूदादा मे महिन्यात पनवेलला, मुलीच्या घरी वारले, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. ते असते तर मी एका ओळीत त्यांच्या गावाचं नाव पाठवलं असतं, आणि सोबत एक सूचना, की आधी ते तुम्हाला हाकलून देतील, वाईट वाटून घेऊ नका.

दिगूदादा म्हणजे दिगंबर. मच्छीमार खारव्यांच्या घरातले, रत्नागिरीजवळच्या आरे-वाऱ्याच्या पुढच्या एका लहान गावात पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागूनच घर. उमेदीची वर्षं मच्छीमारी बोटींवर गेली. मग सहा वर्षं गोव्यात एका परदेशी माणसाच्या सर्फिंगच्या शाळेत फळ्या वाहायला होते, आणि वाहता वाहता शिकले. वडील गेले तेव्हा घरी परतले ते दोन जुन्या फळ्या टेम्पोवर बांधूनच. गावाने विचारलं, "दारं कसली ही एवढी?" त्यावर दिगूदादा म्हणाले होते, "समुद्राची." पुढे पंधरा वर्षं त्यांनी त्या पुळणीवर उभं राहून माणसांना लाटेवर चढवलं. त्यांना जगात दुसरं काही नको होतं. तेवढं एक त्यांच्या डोळ्यांनी काढून घेतलं. आणि ते होत असताना ज्या एका माणसाला ते कळलं होतं, तो माणूस तोंड शिवून बसला. तो माणूस म्हणजे मी.

मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्रप्रवाह लाल आणि निळ्या खडूने फळ्यावर इतके काढले की डोळे मिटून काढीन. पण स्वतः समुद्रात कमरेच्या वर कधी गेले नव्हते. आमच्यासारख्या घरांमधून समुद्र हा बघायचा असतो, संध्याकाळी त्याच्या काठाने चालायचं असतं, पाहुणे आले की त्यांना दाखवायचा असतो. एकावन्नाव्या वर्षी, सहलीला नेलेल्या नववीच्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, ओहोटीच्या पाण्याला खरंच ओढ असते का हो? तुम्हाला कधी लागली?" मी म्हटलं, "पुस्तकात दिलंय ना." आणि घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत राहिली.

पहिला क्लास मी तुमच्या-आमच्यासारखाच निवडला, म्हणजे फोटो बघून. गर्दीच्या किनाऱ्यावरचा. आम्ही पंधरा-सोळा जण होतो आणि शिकवणारे दोन. नारिंगी जाकिटं, गाणी, आणि सगळ्यात आधी कोरड्या वाळूवर फळी ठेवून तिच्यावर हात पसरून उभं राहायचं आणि फोटो काढून घ्यायचा. तो फोटो आमच्या ह्यांनी अजून जपून ठेवला आहे. त्यानंतर पाण्यात ढकललं. तिसऱ्या लाटेला मी खाली, फळी वर, नाकातोंडात पाणी, आणि वर आले तेव्हा शिकवणारा पोरगा दुसऱ्या कोणाचा तरी व्हिडिओ घेत होता. मी बुडाले असते तर तेही छान आलं असतं त्यात. बाहेर येऊन खोकत बसले असताना शहाळेवाली बाई म्हणाली, "शिकायचाच हाय तर दिगूकडं जावा. पन तो लवकर घेनार नाय."

तो खरंच घेत नव्हता. मी सकाळी साडेसहाला त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले तेव्हा दिगूदादा फळीवर मेण घासत होते. सावळा, आडव्या बांध्याचा, पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर पांढरे केस आणि भुवया मात्र काळ्याकुट्ट. त्यांनी वर न बघता तीन प्रश्न विचारले. "रात्री झोप झाली? पोटात काय हाय? घरी कोनाला सांगून आलाव?"

झोप झाली होती. पोटात एक केळं होतं. तिसऱ्याला मी म्हटलं, "हो, सांगितलंय."

आता त्यांनी वर बघितलं. "बाई, तुमी शाळंत शिकवता ना? मग पोरगा खोटा बोलला की कळत आसंल तुमाला."

मी तिथल्या तिथे ह्यांना फोन लावला. हे झोपेतच म्हणाले, "सर्फिंग? कोण? तू?" दिगूदादांनी हात पुढे करून फोन घेतला. "सायेब, बाई माज्याकडं हाईत. नऊ वाजंपर्यंत घरी धाडतो. तुमी चा करून ठेवा." त्या दिवसापासून आमच्या घरी सकाळचा चहा हे करायला लागले, हा दिगूदादांचा आमच्या संसारावरचा उपकार.

फळी मात्र त्या दिवशी मिळाली नाही. त्यांनी मला पुळणीवर बसवलं आणि म्हणाले, "पानी येतं सगळ्या अंगानं, पन जातं एका वाटनं. ती वाट मला दाखवा. मग फळी देतो." आणि निघून गेले. मी तासभर बसले. भूगोलाची शिक्षिका, मला काय अवघड. सगळीकडे लाटा फुटत होत्या, फेस येत होता, आणि मधे एक पट्टा शांत, गडद, गुळगुळीत दिसत होता. ते परत आले तेव्हा मी विचारलं, "उतरायला ती जागा चांगली ना? तिथे लाटाच नाहीत."

दिगूदादा माझ्या शेजारी बसले. "तीच वाट," ते म्हणाले. "पुण्या-मुंबईची पोरं तितंच उतरतात. शांत हाय म्हनून." लाल आणि निळे बाण माझ्या डोळ्यांपुढून गेले. इतकी वर्षं शिकवलेला प्रवाह मी समोर बघून ओळखला नव्हता, उलट त्यातच उतरायला निघाले होते. दिगूदादा हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण.

शिकवताना ते प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलं काहीतरी शोधून देत. पालथं पडलेल्या माणसाला चालत्या फळीवर एका झटक्यात उभं राहायचं असतं, आणि मला ते जमेना. मी आधी गुडघा टेकायची, मग दुसरा, मग देवाचं नाव. आठ सकाळी गेल्या. नवव्या सकाळी त्यांनी मागून विचारलं, "बाई, पेपर चालू हाय आनि शेवटच्या बाकावरचा पोरगा कॉपी करताना दिसला, तर तुमी कशा उठता?" पुढच्या लाटेला मी उठले. चार-पाच सेकंदच, पण उठले. पाण्यात पडता पडता मी "अरे!" म्हणून ओरडले ते त्या नसलेल्या पोराला.

'नाही' म्हणण्यात मात्र त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. एकदा दोन गाड्या भरून मंडळी आली, रात्रीची पुरती उतरलेली नव्हती. एक जण चढ्या आवाजात म्हणाला, "काका, दुप्पट देतो." दिगूदादा म्हणाले, "आज पानी माजं नाय." दुसरा म्हणाला, "म्हणजे?" तर म्हणाले, "म्हंजे आज तुमी पोहे खायाचे." आणि खरंच सगळ्यांना अंगणात बसवून आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, पोहे करायला लावले. वहिनी आतून भांडी आपटत होत्या. मंडळी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला हाकलायचा आनि वर जेवायला घालायचा, असा धंदा आख्ख्या कोकनात कोन करत नसंल." दिगूदादा तेवढ्यात मलाही शिकवत होते. "कोनी इचारलं चांगला मास्तर कसा वळखायचा, तर सांगा. त्याला इचारायचं, या आठवड्यात कितीजनांना नाय म्हनलास? कोनालाच नाय म्हनला तर तितनं चपला घालायच्या." भाचीला मी शेवटी हाच प्रश्न लिहून पाठवला.

त्यांच्या घरची आणखी एक रीत होती. बोटीवरची माणसं कधी आकड्यात मोजायची नाहीत. मोजली की दर्या एक आपल्याकडे ठेवून घेतो, असं त्यांची आजी म्हणायची. त्यामुळे बोट परतताना नावं घ्यायची. दिगूदादा पाण्यातल्या शिष्यांनाही कधी मोजत नसत. दर थोड्या वेळाने कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेकाचं नाव मोठ्याने हाकारायचे, आणि ज्याचं नाव त्याने हात वर करायचा. लाटांच्या आवाजात ओ ऐकू येत नाही, हात दिसतो. चौघांपेक्षा जास्त जण ते कधीच घ्यायचे नाहीत, कारण एका दमात चारच नावं नीट घेता येतात, असं त्यांचं म्हणणं.

मी शिकायला लागले त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी त्यांच्यापासून वीस हातांवर, जरा डावीकडे होते. त्यांनी हाक मारली, "बाई!" मी हात वर केला. पुन्हा "बाई!" मी दोन्ही हात वर केले. तिसऱ्या हाकेला आवाज चिरला होता. चौथ्याला त्यांनी सगळं अंग वळवलं, तोंड थेट माझ्याकडे आलं, आणि तेव्हा कुठे त्यांचा खांदा सैल झाला. मी जवळ जाऊन विचारलं, "दादा, दिसत नाही का?" ते म्हणाले, "मोतीबिंदू हाय. कडंनं धूर आल्यावानी होतं. पिकूदे, मग काढू."

आमच्याकडे मोतीबिंदू आंब्यासारखा आढीत घालतात. माझ्या सासूबाईंनीही पिकवला होता, आमच्या शिपायानेही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पण एक कळलं होतं, की या माणसाला पाण्यातलं डोकं दिसत नाही, आणि ज्याला डोकं दिसत नाही त्याने शिकवू नये. हे त्यांचंच शास्त्र. मी त्यांना ते सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर बाजारातून दहा भडक पिवळ्या टोप्या आणल्या, हनुवटीखाली बांधायच्या, आणि म्हटलं, "ऊन फार लागतं दादा, सगळ्यांना घालायला लावा." मला माझ्या सकाळी घालवायच्या नव्हत्या. आठवड्यातले ते दोन तास मी कोणाची आई, कोणाची सून, कोणाची बाई नसायची. त्या दोन तासांसाठी मी गप्प बसले. याला स्वार्थाशिवाय दुसरं नाव नाही.

टोप्यांवर तो हंगाम निभावला, आणि पुढचाही जवळजवळ निभावला होता.

मार्चमधली सकाळ. देवरूखच्या कॉलेजातली प्रज्ञा नावाची मुलगी होती, मी होते आणि एक जोडपं होतं. प्रज्ञाचा तो पाचवा की सहावा दिवस, चांगली उभी राहायला लागली होती. एका लाटेत तिच्या टोपीची गाठ सुटली आणि टोपी गेली. तिने ते कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंही नसेल. त्या दिवशी कोणीतरी किनाऱ्याच्या फार जवळ जाळं टाकलं होतं आणि त्याचा बोया, म्हणजे खूण म्हणून तरंगत ठेवलेला काळा कॅन, लाटांच्या मागे वर-खाली होत होता. दिगूदादांनी नावं घ्यायला सुरुवात केली. "प्रज्ञा!" तो कॅन एका लाटेवर उंच आला आणि खाली गेला. दिगूदादांनी समाधानाने मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

जन्मभर ज्याने बोये टाकले आणि उचलले, त्याने बोया माणूस म्हणून धरला.

प्रज्ञा तोपर्यंत त्या शांत, गडद पट्ट्यात शिरली होती आणि बाहेर चालली होती. मी तिला बघितलं तेव्हा ती फार लांब होती. मी ओरडले. दिगूदादांनी माझ्याकडे बघितलं, मी दाखवलं त्या दिशेला बघितलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना तिथे काहीच दिसत नाहीये. तरी ते पोहत सुटले, भलतीकडे. मी "उजवीकडे, दादा, उजवीकडे" ओरडत राहिले. सुदैवाने ज्याचं जाळं होतं तोच होडी घेऊन येत होता. त्याने मुलीला वर घेतलं. ती फळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून पालथी पडली होती. थंडीने कुडकुडत होती, पण ठीक होती. तिने आईला फोनवर जे सांगितलं ते मी ऐकलं, "सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काहीही झालं तरी फळी सोडायची नाही आणि पाण्याशी भांडायचं नाही. मी नाही सोडली."

दिगूदादांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांनी तिचे पाय धुवायला बादलीभर गोडं पाणी काढून दिलं, तिला गाडीत बसवलं, फळ्या एक एक करून घरामागे नेऊन भिंतीला लावल्या. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"टोप्या उन्हासाटी नाय आनल्यात तुमी."

"नाही."

"मला ठावक व्हतं. मी बी काय बोललो नाय." "पोरगा नापास हाय तर बाई त्याला सांगतात का नाय?"

"सांगतात."

"मग?"

मी रडायला लागले. त्यांनी माझी समजूत घातली नाही, आणि तेच बरोबर होतं. त्या दिवसानंतर त्यांनी कोणालाही पाण्यात नेलं नाही.

त्याच आठवड्यात मी आणि वहिनी त्यांना रत्नागिरीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर मुलगीच होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू थोडासा होता. बाकी सगळा काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, थेंब चुकवू नका.

दिगूदादांनी विचारलं, "म्हंजे ह्यो पिकत नाय?"

"नाही काका. हा पिकत नाही. हा नुसता नजर नेत राहतो."

"आदी आलो असतो तर?"

ती मुलगी खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "बरीच वाचली असती." वहिनींनी पदर तोंडाला लावला. वर्षाहून जास्त काळ आम्ही तिघंही तो पिकायची वाट बघत होतो. मी तर शिकलेली.

थेंबांनी फारसं काही झालं नाही. दिवाळीपर्यंत त्यांना फक्त समोरचा एक वाटीएवढा तुकडा दिसत होता, तोही धुरकट. मी दर रविवारी जायची. ते अंगणात खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसलेले असत. क्लास चालू आहे समजून लोक अजूनही विचारत यायचे, आणि ते त्यांना सविस्तर सांगत, मास्तर कसा बघावा, त्याला काय विचारावं, फळी मऊ आहे का हे दाबून बघावं, पायाची दोरी ओढून बघावी. सांगताना आवाज पूर्वीसारखाच ठणठणीत असे. लोक गेले की मग तो आवाजही बसायचा.

फेब्रुवारीत त्यांची मुलगी त्यांना पनवेलला न्यायला आली. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, उद्या भरती सकाळी साडेसातची हाय. याल?"

मी गेले. त्यांनी घरामागून आपली जुनी फळी हाताने चाचपून काढली. वहिनी टॉवेल घेऊन आमच्या मागून पुळणीपर्यंत आल्या. पाणी सपाट आणि गार होतं, लाटा लहान, सरळ. माझा दंड धरून ते कमरेएवढ्या पाण्यात आले आणि फळीवर पालथे झाले. "मी मागं बगनार नाय," ते म्हणाले. "बगून उपयोग बी नाय. तुमी सांगायचं."

मी फळीचं शेपूट धरून उभी होते. पहिली लाट आली, मला वाटलं मोठी आहे, मी जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. दिगूदादा घाई करत नव्हते. तिसरी आली तेव्हा मी "आता!" म्हटलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ढकललं.

ते उठले. गुडघा नाही, धडपड नाही, एखादा माणूस खुर्चीतून उठावा तसे. हात जरासे बाजूला, मान किंचित वाकडी. ती लाट त्यांना घेऊन पार उथळ पाण्यापर्यंत गेली, आणि फळी वाळूला टेकली तेव्हा ते उतरून तिथेच उभे राहिले. मी धावत, पडत त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी हात पुढे केला, माझा खांदा शोधला.

"कशी होती वो?"

"फार छान उभे राहिलात, दादा."

"माजं नाय. लाट. दिसायला कशी होती?"

मला सांगता येईना. मी आठवायचा प्रयत्न केला, पण काही आठवेना. "हिरवी होती," मी ठोकून दिलं. "मोठी. वरून पांढरी."

दिगूदादा हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "नाय बगितलीत तुमी. माज्याकडं बगत व्हतात."

मी कबूल केलं.

"आसंच आसतं," ते म्हणाले. "पंदरा वर्सं हितं उबा ऱ्हायलो, एक लाट कंदी धड बगितली नाय."

वहिनींनी किनाऱ्यावरून हाक मारली. त्यांनी मान त्या आवाजाकडे वळवली, माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि एकटेच निघाले, पाय जरा उचलून, वाळू चाचपत. मी सोबत जायला निघाले तर म्हणाले, "नको, फळी धरा तुमी, नायतर जाईल." मी फळी धरली. पन्नास-साठ पावलांचं अंतर होतं, वाळू सपाट होती, वाटेत काहीही नव्हतं. तरी ते वहिनींपर्यंत पोचेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढली नाही.